विचुंब्याच्या पाट्यांवरची तिरपी अक्षरं

विचुंबे. नावात तीनच अक्षरं, पण देवनागरी लिहिताना अक्षराच्या चारी बाजूंना जे जे लागतं, ते जवळजवळ सगळं या तिघांत आलेलं आहे. ‘वि’च्या आधी उभी राहून त्याच्या डोक्यावरून वळणारी पहिली वेलांटी, ‘चुं’च्या पायाशी उकार आणि माथ्यावर अनुस्वार, ‘बे’वर मात्रा. शिवाय ‘ब’च्या पोटातली ती तिरकी रेघ. पाटी रंगवणाऱ्याला किंवा फ्लेक्स करणाऱ्याला हे नाव लिहायला दिलं की अक्षरांवर त्याची किती हुकमत आहे ते लगेच कळतं. आणि तेच नाव अरुंद, ठळक आणि उजवीकडे झुकलेल्या वळणात मागितलं, तर त्याची खरी परीक्षा असते.

विचुंब्यात आणि आसपासच्या देवद, उसर्ली, सुकापूर या गावांत आज हेच वळण सर्वांत जास्त मागितलं जातं. नवीन पनवेलच्या पूर्वेला, गाढी नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा. भातशेतीची गावं होती. २०१३ साली विमानतळ प्रभावित क्षेत्राच्या, म्हणजे ‘नैना’च्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं. त्याच्या आधीपासूनच इथे इमारती उभ्या राहत होत्या, पुढे त्यांचा वेग वाढला. जुन्या कौलारू घरांना लागून पाच-सहा मजली सोसायट्या, त्यांच्या तळमजल्यावर ओळीने गाळे, आणि प्रत्येक गाळ्यावर एक पाटी. डेअरी, पोळी-भाजी केंद्र, क्लासेस, मोबाइल दुरुस्ती, रक्ततपासणी, इस्टेट एजंट, चिकन सेंटर. गाळ्याची रुंदी आठ-दहा फूट आणि दुकानाचं नाव मात्र लांबलचक. ‘श्री’ किंवा ‘जय’ने सुरू होऊन ‘अँड जनरल स्टोअर्स’ने संपणारं. अरुंद अक्षर ही इथे हौस राहत नाही, गरज होते.

मग ते तिरपं कशाला? त्याचं उत्तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर आहे. आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा दिवाळी सरली की सुरू होतात आणि पावसापर्यंत चालतात. अमुक चषक, तमुक करंडक. फ्लेक्सवर पहिल्या बक्षिसाची रक्कम, स्पर्धेचं स्थळ, आयोजकांचे फोटो, आणि सगळ्यांच्या वर चषकाचं नाव उजवीकडे झेपावलेलं. कबड्डीच्या सामन्यांचं तेच, बैलगाडा शर्यतीचं तेच, दहीहंडीचंही तेच. खेळाडूंच्या टी-शर्टच्या छातीवर संघाचं नाव असंच तिरकं छापलेलं असतं. रिक्षाच्या मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद याच वळणात, टेम्पोच्या कपाळावर कुलदैवताचं नावही याच वळणात. घाई, जोर, आव्हान, उत्साह हे या अक्षराचे गुण. ते जागच्या जागी उभं राहत नाही, निघालेलं असतं. मला हे अक्षर मनापासून आवडतं. त्याच्यावर इतकं लिहायचं कारण असं की आपण त्याला फार वाईट वागवतो आहोत.

तिरपेपणा म्हणजे वेग, हे समीकरण तसं फार जुनं नाही. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने १९१२-१३च्या सुमारास शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्याची फट काचेवरून हळूहळू सरकत असल्यामुळे धावत्या गाडीचं गोल चाक फोटोत लंबगोल होऊन पुढे झुकलेलं उमटलं, आणि मागचे प्रेक्षक उलट बाजूला कललेले. डोळ्याला असं कधी दिसत नाही, पण बघणाऱ्याला वेगाचा प्रत्यय तिथेच येतो. चित्रकथा काढणाऱ्यांनी, जाहिरातवाल्यांनी आणि खेळाच्या कपड्यांवर छापणाऱ्यांनी विसाव्या शतकात ही युक्ती उचलली. रोमन लिपीतलं तिरपं अक्षर त्याच्याही कितीतरी आधीचं. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियस याने फ्रांचेस्को ग्रिफोकडून खिळे कोरून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलचं काव्य हातात मावेल अशा आकारात छापलं. तिथे वेगाचा संबंध नव्हता. ते हाताच्या धावत्या लिखाणाचं वळण होतं, आणि ते अरुंद असल्यामुळे लहान पानावर काव्याची पूर्ण ओळ बसत होती. म्हणजे अरुंद आणि तिरपं यांची जोडी पहिल्यापासूनची आहे.

आपल्याकडे मात्र छापील अक्षर सरळच उभं राहिलं. हाताने लिहिताना मराठी माणूस धावत होता. मोडी ही धावतीच लिपी. आधी शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिच्याखाली वळवत न्यायची. त्या लिखाणाला उजवीकडचा कल होता. पण छपाईसाठी बाळबोध निवडली गेली आणि बाळबोधीला खिळ्यांचा जाच होता. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातून तिथे जे पंच कोरले गेले, त्यांच्या देखणेपणाला आजही तोड नाही. पण खिळा म्हणजे चौकोनी अंगाचा धातूचा तुकडा. मात्रा, रफार, अनुस्वार हे आधीच त्या अंगाबाहेर डोकावणारे. छपाईच्या दाबाखाली अशी बाहेर आलेली नाजूक टोकं तुटायची. तिथे सगळं अक्षर तिरपं करायचं म्हणजे प्रत्येक काना शेजारच्या खिळ्यावर कलंडणार. रोमनमध्ये सव्वीस अक्षरांच्या दोन जोड्या. देवनागरीत जोडाक्षरं धरून खिळ्यांचे खण शेकड्यांनी. एवढा दुसरा संच केवळ तिरपेपणासाठी कोरायचा कोणी? मजकुरात जोर द्यायचा झाला तर आपण ठळक टाइप वापरला किंवा अवतरणचिन्हं घातली. मराठी वाचकाचा डोळा पानभर तिरप्या मजकुराला सरावलाच नाही, आणि तो सरावला नाही म्हणून काही बिघडलं असं मला वाटत नाही. मराठीत तिरपं अक्षर वाचायला बसण्याचं नाही, हाक मारण्याचं आहे. मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांत, लांबून दिसण्यासाठी.

हाक मारणारी अक्षरं खिळ्यांच्या जगाबाहेर, हाताने काढली गेली. सिनेमाचे फलक, नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या. इथे कमल शेडगे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३५चा जन्म, २०२०च्या जुलैत निधन. टाइम्सच्या कला विभागात नोकरी. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाचं शीर्षक त्यांनी काढलं आणि तिथून पुढे मराठी नाटकांची असंख्य नावं त्यांच्या हातून उतरली. वर्तमानपत्रातली जाहिरात कॉलम-सेंटिमीटरवर विकली जाते, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. रुंदीला पैसे पडतात. चार शब्दांचं नाव, वर नाट्यसंस्था, खाली कलावंतांची यादी आणि प्रयोगाची वेळ, हे सगळं त्या टीचभर चौकटीत बसवायचं आणि तरीही पानावरच्या वीस जाहिरातींत आपलं नाव आधी दिसलं पाहिजे. हाताने अक्षर काढणारा माणूस अशा वेळी अक्षर दाबून बसवत नाही. तो ते त्या जागेसाठी नव्याने काढतो. कुठे गोलाई कमी करतो, कुठे दोन काने जवळ आणतो, कुठे वेलांटी लांबवून खालच्या ओळीची पोकळी भरतो. शेडग्यांची पुस्तकं ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती या नजरेने पुन्हा उघडावीत.

गावोगावचे पेंटरही याच शाळेतले. पाटी आली की खडू लावलेला दोरा ताणून दोन रेघा मारायच्या: एक शिरोरेषेची, एक पायाची. तिरपं लिहायचं असेल तर हाताच्या अंदाजाने चार-पाच तिरक्या खुणा करून घ्यायच्या, म्हणजे प्रत्येक काना त्याच कलाने उतरतो. मग बोटांनी वीत मोजत खडूने अक्षरं पाडायची आणि शेवटी रंग. या रीतीत एक गोष्ट आपोआप बरोबर होते. पेंटरचा चपटा ब्रश इंचाचा असेल तर तो इंचाचाच राहतो. नाव लांब असलं आणि अक्षर अरुंद करावं लागलं, तरी रेघेची जाडी तीच राहते. कमी होते ती फक्त अक्षराच्या पोटातली पोकळी. ‘व’चा गोल लंबगोल होतो, ‘क’चे दोन्ही कान आखडतात, पण काना आणि शिरोरेषा आपला आब राखून असतात. खरं अरुंद अक्षर हे असं असतं. त्याची सगळी तत्त्वं त्या एका ब्रशाच्या रुंदीत आहेत.

संगणकावर हे उलटं घडतं. फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉ उघडलेलं असतं. श्रीलिपी किंवा आकृतीतला एखादा ठळक फॉन्ट घेतला जातो, मजकूर टंकला जातो, आणि गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत असतं. नाव चौकटीबाहेर गेलं की माउसने कडेचा ठिपका पकडून आत ढकलला जातो. अक्षर साठ टक्क्यांवर येतं. आता हिशेब करू. मूळ अक्षरात काना वीस मिलिमीटर जाड होता आणि शिरोरेषा अठरा. दाबल्यावर काना बारा मिलिमीटरचा झाला आणि शिरोरेषा अठराचीच राहिली. उभ्या रेघा आडव्यांपेक्षा बारीक झाल्या. रोमन अक्षरांत ही चूक काही अक्षरांपुरती खुपते, कारण आडवी रेघ सगळ्यांना नसते. देवनागरीत शिरोरेषा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, त्यामुळे काटकुळ्या पायांवर जाड तुळई ठेवावी तशी सगळी ओळ दिसते. मग त्याला जाडी यावी म्हणून भोवती बाह्यरेषा दिली जाते, पांढरी, तिच्याभोवती लाल, तिच्याभोवती काळी. त्या भरात आतल्या पोकळ्या बुजतात. शेवटी सगळं उचलून पंधरा अंशांनी कलतं केलं जातं आणि त्याला सोनेरी छटा दिली की काम झालं.

हे पंधरा अंश काय करतात ते आपल्या नावावरच बघू. ‘विचुंबे’ हे नाव पायापासून शिरोरेषेपर्यंत तीनशे मिलिमीटर उंचीचं काढलं आहे असं धरा. पंधरा अंशांनी कललं की शिरोरेषा पायाच्या मानाने सुमारे ऐंशी मिलिमीटर उजवीकडे सरकते. शिरोरेषेच्या वर जे आहे ते आणखी पुढे जातं, आणि पायाखाली जे आहे ते उलट दिशेने, डावीकडे. ‘चुं’चा अनुस्वार सुटून ‘बे’च्या अंगावर निघतो. ‘बे’ची मात्रा मुळात कान्याच्या टोकावरून डावीकडे झुकत वर गेलेली असते, कलामुळे ती जवळजवळ उभी होते आणि अनुस्वाराला अडकते. खाली उकार ‘चु’ला सोडून ‘वि’च्या कान्याकडे निघाल्यासारखा दिसतो. वेलांटीची कमान पुढच्या बाजूला लोंबते. आणि ‘ब’? त्याच्या पोटातली रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी. आधी अक्षर दाबलं तेव्हा ती उभट झाली, कललं तेव्हा आणखी उभी झाली. आता त्या लहानशा गोलात दोन चिंचोळ्या भेगा उरल्या. ठळक अक्षरात त्या शाईने भरतात. विसेक पावलांवरून बघा, ‘विचुंवे’ वाचाल. ‘ब’चा ‘व’ होणं हा ठळक आणि अरुंद देवनागरीतला हमखास घोटाळा आहे. ‘ष’ आणि ‘प’चंही हेच नातं, म्हणून ‘विशेष’सारख्या शब्दाची गत काही वेगळी होत नाही.

हे टाळता येतं. तिरपं देवनागरी अक्षर मन लावून काढणारा माणूस आधी कल कमी करतो. आठ-दहा अंशांत वेग पुरेसा दिसतो. मग अनुस्वार थोडा मागे, आपल्या अक्षराच्या माथ्यावर आणतो. उकार उजवीकडे सरकवून कान्याच्या खाली बसवतो. मात्रेचा कल वेगळा ठेवतो, म्हणजे ती मात्रा म्हणून ओळखू येते. ‘ब’ची रेघ बाकीच्या रेघांपेक्षा बारीक करतो आणि टोकांशी ती किंचित तासून पोकळी मोकळी ठेवतो. गोलाया कलल्यामुळे एका बाजूला फुगतात, त्या हाताने सारख्या करतो. प्रत्येक अक्षरापाशी थांबून निर्णय घ्यावा लागतो. एका नावासाठी अर्धा तास. पण फ्लेक्सचा दर चौरस फुटावर ठरतो, अक्षरावर खर्च झालेल्या वेळाचा त्यात हिशेब नसतो. संध्याकाळी सहाला आलेलं काम रात्री दहाला चौकात लागायचं असतं. दोष फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसलेल्या मुलाच्या माथी मारून भागणार नाही. त्याच्या हाताशी चांगलं अवजार आहे का, हे आधी बघायला हवं.

अवजारांची स्थिती पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि राज्याच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली काढला, तेव्हा प्रश्न खिळ्यांचा होता. पुढे र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला आणि देवनागरी घरोघरच्या संगणकावर पोचली. मात्र ‘मंगल’ला तिरपा जोडीदार नाही. वर्डमध्ये तिरप्याचं बटण दाबलं की यंत्र सरळ अक्षर आडवं ढकलतं, त्यामुळे वर सांगितलेले सगळे घोटाळे तिथेही होतात. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र अरुंद देवनागरीचं मोठं काम झालं. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे दोन फॉन्ट २०१४ साली सर्वांसाठी मोफत खुले झाले. ‘टेको’च्या गोलाया चौकोनाकडे झुकलेल्या आहेत, काने सरळ आणि एकसारखे, त्यामुळे दाटीतही त्याच्या पोकळ्या उघड्या राहतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘अनेक’ २०२२ साली आला. दहा लिप्यांचं ते कुटुंब आहे, आणि त्यात सरकपट्ट्या ओढून अक्षराची रुंदी ७५पासून १२५ टक्क्यांपर्यंत आणि वजन १००पासून ८००पर्यंत हवं तसं बसवता येतं. रुंदी घटली तरी रेघ मरत नाही. पेंटरचा ब्रश जे करत होता, तेच इथे रेखाटनातून साधलं आहे. ‘नोटो सान्स देवनागरी’च्याही अरुंद आवृत्त्या आहेत. सगळं मोफत, कायदेशीर, आणि युनिकोडमध्ये.

मग तिरपं? तिथे अजून रान मोकळं आहे. अडोबी देवनागरीला तिरपी आवृत्ती आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ घेऊन आलेल्या ‘तिरो देवनागरी मराठी’लाही आहे. पण ती दोन्ही पुस्तकी अक्षरं आहेत, नाजूक, ग्रंथाच्या पानावर शोभणारी. चषकाच्या फ्लेक्सवर त्यांचं काम नाही. अरुंद, ठळक, तिरपं आणि मुळातच तसं रेखाटलेलं मराठी अक्षर, ज्याची वाडीवस्तीवर रोज इतकी मागणी आहे, ते वापरणाऱ्याच्या हाती अजून सहज पडत नाही. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या अक्षरकारांनी पुस्तकाचं अक्षर केलं, मोबाइलच्या पडद्याचं केलं, जैन हस्तलिखितांवरून ‘जैनी’ केलं, लोकल रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा’ही झालं. क्रिकेटच्या मैदानाचं अक्षर राहिलं. ते कमी प्रतिष्ठेचं काम आहे असं कोणी मानत असेल, तर विचुंब्याच्या नाक्यावर उभं राहून किती माणसं रोज काय वाचतात ते बघावं.

टी-शर्टचं उदाहरण घ्या. इथली आडनावं म्हात्रे, भोईर, घरत, ठाकूर, पाटील. संगणकावर सगळ्यांना एकच आकार दिला तरी पाठीवर ती सारखी दिसत नाहीत. ‘घरत’ला वर काही नाही, खाली काही नाही, तो आपली पट्टी पूर्ण भरतो. ‘ठाकूर’चा ऊकार खाली उतरतो, ‘भोईर’ची मात्रा वर चढते, ‘म्हात्रे’त आधी जोडाक्षर, मग ‘त्र’च्या पायाशी तिरकी रेघ आणि वर मात्रा. छापणारा सगळ्यांना एकाच चौकटीत कोंबतो, म्हणून ‘म्हात्रे’ लहान आणि ‘घरत’ दांडगा दिसतो. शिरोरेषा सगळ्यांच्या एकाच उंचीवर ठेवून मात्रा-उकारांना वर-खाली जागा सोडली, तर अकरा खेळाडूंचा संघ एका हाताने लिहिल्यासारखा दिसेल. एवढ्या साध्या गोष्टीला फॉन्टही नवा लागत नाही.

उंचीचा हा प्रश्न आता कायद्याशीही जोडला गेला आहे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात मार्च २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मजकूर देवनागरीत, आधी मराठी, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा राज्यभर पाट्यांचं काम निघालं. नियम योग्यच आहे. पण आकार मोजायचा कुठून कुठे? दोन फूट उंचीच्या पाटीत वर-खाली तीन-तीन इंच सोडले तर अठरा इंच उरतात. रोमन मोठी अक्षरं ते अठराही इंच घेतात. देवनागरीला त्यातच वेलांट्या, मात्रा आणि उकार बसवायचे, म्हणजे अक्षराच्या मूळ अंगाला नऊ-दहा इंच मिळाले तरी पुष्कळ. कागदावर आकार सारखा, रस्त्यावरून मराठी निम्मं. पाटी लांबून वाचता येणं हाच कायद्याचा हेतू असेल, तर तुलना अक्षराच्या अंगाची व्हायला हवी: शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची विरुद्ध रोमन अक्षराची उंची. आणि तेवढं उंच मराठी अक्षर दहा फुटी गाळ्यावर बसवायचं तर ते अरुंदच काढावं लागेल. चांगलं अरुंद अक्षर मराठी पाटीचा कणा ठरणार आहे, तो असा.

अरुंद अक्षराची ही शिफारस करताना तिरप्यावर मात्र मर्यादा घालायलाच हवी. रक्ततपासणीची प्रयोगशाळा, दवाखाना, औषधांचं दुकान, शाळा, सोसायटीचं नाव, विंगेचं अक्षर, रस्त्याचा बाण, या ठिकाणी तिरपं अक्षर नको. आजारी माणसाला घेऊन रात्री रिक्षातून पत्ता शोधणाऱ्याला अक्षराचा उत्साह नको असतो, ते चटकन लागलेलं हवं असतं. रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकांवरची अक्षरं सरळ असतात ती याच कारणाने. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही झेपावणारं अक्षर बघवत नाही. तिथे घाई कशाची? शुभेच्छुकांची तीस-चाळीस नावं खाली दिली जातात, तिथे अरुंद चालेल, तिरपं नको, कारण लहान आकारात ती सगळी एकमेकांत मिसळतात. वाहनाच्या नंबर प्लेटचा तर प्रश्नच उरत नाही. ४१४१चा ‘दादा’ आणि २१४चा ‘राम’ करण्याची हौस मोठी, पण नियमाने तिथे ठरलेल्या मापाचीच सरळ अक्षरं लागतात आणि ती तशीच हवीत.

जिथे ते शोभतं तिथे मात्र त्याला पूर्ण जागा द्या. दोन किंवा तीन शब्द. एका फ्लेक्सवर एकच ओळ तिरपी, बाकीच्या सरळ, म्हणजे त्या ओळीला जोर येतो. सगळंच पळायला लागलं तर पळतंय कोण ते कळत नाही. बाह्यरेषा एकच, आणि तीही पोकळी बुजणार नाही एवढीच. गडद पार्श्वभूमीवर फिकं अक्षर किंवा त्याच्या उलट. सोनेरी छटेवर पिवळं कधीच नको.

येत्या हंगामात ज्या मंडळांच्या स्पर्धा आहेत, ज्यांच्या दुकानाची पाटी नव्याने व्हायची आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. फ्लेक्सच्या दुकानात गेलात की अक्षर दाबून बसवू देऊ नका. मुळातच अरुंद असलेला फॉन्ट मागा, ‘टेको’, ‘खंड’, ‘अनेक’ यांपैकी कुठलाही, फुकट मिळतो. कल दहा अंशांपुढे नको म्हणावं. अनुस्वार आणि उकार आपापल्या अक्षरापाशी आणून ठेवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. छापायला देण्याआधी पडद्यापासून दहा पावलं मागे जाऊन नाव वाचून बघा. गावात अजून ब्रश धरणारा पेंटर असेल तर चषकाचं नाव त्याच्याकडून कागदावर काढून घ्या, त्याचे त्याला रीतसर पैसे द्या, आणि त्या कागदाचा फोटो काढून तेच अक्षर फ्लेक्सवर छापा. आणि जे तरुण आज अक्षररचना शिकत आहेत, त्यांनी पुढचा फॉन्ट करायला घेताना पहिला शब्द म्हणून ‘विचुंबे’ लिहून बघावा.